नाचात हरवलेले गाणे

आपल्याकडे टीकाकारांचा एक जुना शिरस्ता आहे. काव्यसंग्रहावर लिहावे, नाटकावर लिहावे, फारच सैल हात सोडायचा झाला तर एखाद्या भावगीतावर चार ओळी खरडाव्यात. परंतु ज्या गाण्यावर गावेच्या गावे नाचली, त्याचे नाव निघताच चष्मा पुसायला घ्यावा. लोकांना फार आवडलेली गोष्ट विचार करण्याजोगी नसते, असा एक समज या शिरस्त्याच्या मुळाशी आहे. मला तो कधीच पटला नाही. लाखो माणसांना एकाच वेळी एकच ठेका भुरळ घालतो, तेव्हा त्या ठेक्यात काहीतरी आहे, आणि त्याहीपेक्षा त्या माणसांत काहीतरी आहे, हे उघड आहे. म्हणून या दिवाळीत, फराळाचे ताट बाजूला सारून नव्हे, तर शेजारी ठेवूनच, मी ‘झिंगाट’ या गाण्याविषयी लिहिणार आहे. वाचकांपैकी निदान निम्मे तरी या गाण्यावर केव्हा ना केव्हा नाचलेले असतील. उरलेल्या निम्म्यांनी कोपऱ्यात उभे राहून पायाने ठेका धरला असेल.

हे गाणे ‘सैराट’ या चित्रपटातले. नागराज मंजुळे यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट २९ एप्रिल २०१६ रोजी प्रदर्शित झाला. खर्च सुमारे ४ कोटींचा, आणि उत्पन्न १०० कोटींच्या पलीकडे गेले. मराठी चित्रपटाने हा आकडा पहिल्यांदाच पाहिला. या यशात गाण्यांचा वाटा किती, याचे गणित कोणी मांडू शकणार नाही. पण चित्रपटगृहात माणसे खुर्च्या सोडून पडद्यासमोर नाचली ती ‘झिंगाट’ लागल्यावर, हे सर्वांच्या स्मरणात आहे. गाणी चार, संगीत अजय-अतुल या गोगावले बंधूंचे. गीतलेखनात त्यांच्याबरोबर मंजुळे यांचेही नाव आहे. मंजुळे स्वतः कवी. ‘उन्हाच्या कटाविरुद्ध’ हा त्यांचा संग्रह ज्यांनी वाचला आहे, त्यांना हा गृहस्थ शब्द वाया घालवीत नाही हे ठाऊक असेल. ही गोष्ट मी आताच नोंदवून ठेवतो, कारण पुढे तिचा उपयोग आहे.

हे गाणे घडले कसे, याची हकीगत थोडी गमतीची आहे. अजय-अतुल यांचे बालपण पुणे जिल्ह्यातल्या लहान लहान गावांत गेले. वडील महसूल खात्यात. बदली झाली की बिऱ्हाड हलायचे. जत्रा, पालखी, तमाशा, बँड हे सारे कानावर पडत गेले आणि तेच पुढे भांडवल झाले. ‘जोगवा’ या चित्रपटाच्या संगीतासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ‘नटरंग’च्या लावण्या २०१० साली घराघरांत गेल्या. असे हे दोघे भाऊ ‘सैराट’साठी थेट अमेरिकेत गेले. हॉलिवूडच्या सोनी स्टुडिओत, जिथे तिकडच्या मोठमोठ्या चित्रपटांचे संगीत मुद्रित होते तिथे, तिथल्या वाद्यवृंदाकडून त्यांनी या गाण्यांचे पाश्चात्त्य अभिजात वळणाचे संगीत वाजवून घेतले. भारतीय चित्रपटाच्या बाबतीत तिथे असे प्रथमच घडत होते. करमाळ्याच्या शिवारातले प्रेम आणि साथीला कॅलिफोर्नियातली व्हायोलिने! ‘याड लागलं’ ऐकताना ती व्हायोलिने भरतीच्या लाटेसारखी अंगावर येतात. मुलाच्या मनात काय चालले आहे हे त्याला स्वतःला सांगता येत नाही; ते वाद्यवृंद सांगतो.

गंमत अशी की, ज्या गाण्याने सर्वांत जास्त धुमाकूळ घातला, त्याचा जीव या व्हायोलिनांत नाही. ‘झिंगाट’चे नाते गावच्या मिरवणुकीशी आहे. एकदा सुरू झालेला ठेका, त्यावर टिपेला चढलेला अजय यांचा मोकळा आवाज, आणि दम घ्यायलाही जागा न ठेवणारी रचना. कलावंत साता समुद्रापार जाऊन आला खरा. पण लोकांनी डोक्यावर घेतले ते त्याने जाताना बरोबर नेलेले सामान. यावरून परदेशी वाद्यवृंद व्यर्थ गेला असे मी म्हणणार नाही. बाकीच्या गाण्यांतील हळुवारपणा आधी कानात भिनलेला असतो, म्हणूनच ‘झिंगाट’चा स्फोट इतका मोठा वाटतो. फुलबाज्या झाल्यावर लावलेल्या लवंगी माळेसारखा.

आता शब्दांकडे वळू. आधी नावच पाहा. ‘झिंगणे’ हे क्रियापद आपल्याकडे जुनेच. पण ‘झिंगाट’ म्हटल्याबरोबर त्याला वेग येतो. सुसाट, मोकाट, भन्नाट, आणि खुद्द ‘सैराट’. या साऱ्या शब्दांच्या शेवटी जो ‘आट’ आहे, तो लगाम सुटल्याची वर्दी देतो. मराठीला हे शब्द पंडितांनी दिलेले नाहीत. गुरे राखणाऱ्यांनी, गाड्या हाकणाऱ्यांनी दिले आहेत. चित्रपटाच्या आणि गाण्याच्या नावातच असा शब्द बसवणारा माणूस भाषेच्या नाडीवर बोट ठेवून आहे.

पुढचे शब्द एका पोराच्या तोंडचे आहेत. परशा हा मासेमारी करणाऱ्या घरातला मुलगा. आर्ची ही पाटलाची, गावच्या पुढाऱ्याची मुलगी. ती बुलेट चालवते, ट्रॅक्टर हाकते, आणि लाजत मात्र नाही. लाजतो तो! गालावर चढलेली लाली आणि छातीतली धडधड या आपल्या गीतकारांनी पिढ्यान्‌पिढ्या नायिकेला वाहिलेल्या वस्तू. या गाण्यात त्या मुलाच्या वाट्याला आल्या आहेत. आणि हे सारे तो सोलापूरकडच्या बोलीत सांगतो, पुस्तकी मराठीत नव्हे. त्या बोलीतच तो एक बढाई मारतो: साऱ्या गावाला आपल्या लग्नाची घाई झाली आहे, आणि आता ती आपल्या लेकराची आई कधी होते एवढेच पाहायचे आहे, अशा अर्थाची. नाचताना ही बढाई कोणाच्याही कानावरून सहज निघून जाते. माझ्या मते मात्र सबंध गाण्याची किल्ली तिथे आहे. तिच्याकडे मी परत येणार आहे. तूर्त ती वाचकांनी खिशात ठेवावी.

गाणे किती गाजले हे मोजायचे कसे? हिंदी गाण्यांना १९५२ पासून रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमालेची शिडी होती. अमीन सयानी यांच्या आवाजात कोणते गाणे कितव्या पायरीवर चढले हे घरोघरी कळायचे, आणि त्यावर पैजा लागायच्या. मराठी गाण्याला तशी शिडी कधी लाभली नाही. आकाशवाणीच्या ‘आपली आवड’मध्ये फर्माइशी यायच्या, पण फर्माईश म्हणजे क्रमांक नव्हे. आता मोबाइलवर कोणते गाणे किती वेळा पाहिले गेले याचा आकडा असतो, आणि ‘झिंगाट’च्या बाबतीत तो कोटींत आहे. परंतु मी राहतो त्या दिव्यात गाण्याचा खरा क्रमांक मांडवात लागतो.

दिवा म्हणजे मुंब्रा आणि डोंबिवली यांच्या मधले स्टेशन. इथून एक फाटा वसईला जातो, एक पनवेलला. मूळ वस्ती आगरी-कोळ्यांची. दिवा, दातिवली, साबे, आगासन ही खाडीकडेची जुनी गावे. नंतर चाळी उठल्या, इमारती उठल्या; कोकणातले आले, खानदेशातले आले, मराठवाड्यातले, उत्तरेकडचे आले. एकाच गल्लीत चार जिल्ह्यांची लग्ने लागतात. प्रत्येकाची हळद वेगळी, देवक वेगळे, जेवण वेगळे. पण रात्री दहाच्या आत बेंजोवाल्याने किंवा डीजेवाल्याने ‘झिंगाट’ वाजवले नाही, असे २०१६ नंतरच्या एकाही हळदीत मी पाहिलेले नाही. मुंबईहून सोलापूरकडे जाणारा लोहमार्ग दिव्यावरून जातो. मंजुळे यांच्या जेऊरला तोच मार्ग पोचतो. त्या रुळांवरून आमच्याकडे आजवर पुष्कळ माणसे आली. पण सर्वांच्या घरात एकाच वेळी शिरकाव करणारे असे पाहुणे दुसरे आठवत नाही.

याच मांडवात दुसरे गाणेही असते, किंवा असायचे. आगरी लग्नात धवलारीण असते. हळद दळण्यापासून ते लग्न लागेपर्यंत प्रत्येक विधीचा धवला ठरलेला, आणि तो तिने गायचा. तिच्या गाण्यावर कोणी नाचत नाही. ती कोणता धवला म्हणते आहे त्यावरून लग्न कुठवर आले हे कळते. हळदीचा धवला बारशाला म्हणता येत नाही. अर्थ आणि प्रसंग यांची तिथे गाठ मारलेली असते. ‘झिंगाट’ मात्र हळदीला चालते, बारशाला चालते, गणपतीच्या विसर्जनाला चालते, निवडणुकीच्या गुलालालाही चालते. लोकप्रिय गाण्याचे सामर्थ्य ते हेच, आणि त्याची किंमतही हीच. कुठेही जायचे तर अंगावरचे ओझे कमी करावे लागते.

हा नियम एकट्या मराठीचा नाही. स्वीडन हा सुमारे एक कोटी वस्तीचा देश. मराठी बोलणारे २०११ च्या जनगणनेत आठ कोटींहून अधिक भरले. त्या लहानशा देशातल्या ‘अ‍ॅबा’ या चौघांच्या मेळ्याने ६ एप्रिल १९७४ रोजी इंग्लंडमधल्या ब्रायटन येथे युरोपभरच्या गायनस्पर्धेत ‘वॉटर्लू’ हे गाणे म्हटले आणि पहिला क्रमांक पटकावला. ब्रिटनच्या विक्रीच्या यादीतही ते पहिले आले. या मेळ्यातले बेनी अँडरसन लहानपणी घरातल्या वडीलधाऱ्यांकडून अ‍ॅकॉर्डियनवर लोकसंगीत शिकलेले; म्हणजे गोगावले बंधूंसारखेच गावचे सामान घेऊन निघालेले. आवाजावर आवाज चढवून, एकाच गळ्याचे अनेक थर देऊन गाणे भरगच्च करण्याची त्यांची रीत पुढे जगभर गाजली. १९७७ साली त्यांचे ‘डान्सिंग क्वीन’ अमेरिकेच्या यादीतही पहिल्या पायरीवर जाऊन बसले. पण ‘वॉटर्लू’ची एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. स्वदेशातल्या निवडफेरीत ते गाणे स्वीडिशमध्ये गायले गेले होते. ब्रायटनला त्यांनी ते इंग्रजीत गायले. जगाच्या दारात शिरताना मायबोली उंबऱ्याबाहेर काढून ठेवावी लागली. अर्थात त्या गाण्याचे फारसे बिघडले नाही. नेपोलियन जसा वॉटर्लूला हरला तशी मी प्रेमात हरले, ही गमतीची कल्पना कोणत्याही भाषेत तशीच राहते.

‘झिंगाट’लाही पुढे परप्रांतात जावे लागले. २०१७ साली ‘सैराट’ची कन्नड आवृत्ती ‘मनसु मल्लिगे’ आली, २०१८ साली हिंदी ‘धडक’. दोन्हींना संगीत अजय-अतुल यांचेच. हिंदीत ‘झिंगाट’ हे नाव कायम राहिले, ठेका राहिला, गळेही तेच राहिले. शब्द मात्र अमिताभ भट्टाचार्य यांनी नवे लिहिले. त्यात त्यांचा दोष नाही. कथा करमाळ्याहून उचलून उदयपूरला नेल्यावर करमाळ्याची बोली तिथे कोण बोलणार? पण चाल गेली आणि तो पोरगा मागे राहिला. भाषांतरात असे होतेच, म्हणून आपण उसासा टाकून गप्प बसतो.

माझी तक्रार मात्र हिंदीशी नाही. माझी तक्रार आपल्याशी आहे. स्वीडिश गाण्याला परक्या देशात जायचे होते म्हणून भाषा सोडावी लागली. हिंदी आवृत्तीला परक्या प्रांतात जायचे होते म्हणून बोली सोडावी लागली. आपण तर मराठीतच राहिलो, त्याच शब्दांवर नाचलो, पुष्कळांना ते तोंडपाठही आहेत. आणि तरीही ते आपण ऐकले नाहीत.

आता ती खिशातली किल्ली काढा. साऱ्या गावाला माझ्या लग्नाची घाई झाली आहे, असे परशा ओरडून सांगतो. वस्तुतः त्या गावात एकालाही त्याच्या लग्नाची घाई नाही. आणि ज्यांना कळेल ते त्याच्या जिवावर उठणार आहेत. हे गाणे चालते ते पाटलांच्या घरच्या समारंभाच्या रात्री. तिथे नाचायला सगळ्या पोरांना मुभा आहे. दिवे आहेत, बायकांचा घोळका आहे, आणि त्या घोळक्यात आर्चीही नाचते आहे. अंगणात नाचणाऱ्याला कोणी जात विचारीत नाही. पण अंगणातून एक पाऊल पुढे पडते, दोघे पकडले जातात, आणि मार सुरू होतो. अंगण सर्वांचे, घर मात्र आमचे, ही आपल्या गावगाड्याची जुनी वहिवाट. मंजुळे यांनी ती एकाही भाषणाशिवाय, एका नाचाच्या गाण्यात दाखवली आहे.

आणि लेकराचे काय? तेही होते. परशा आणि आर्ची हैदराबादला पळून जातात, झोपडपट्टीत राहतात, भांडतात, सावरतात, लग्न करतात. त्यांना मुलगा होतो. बढाईतली ती इच्छा अक्षरशः पुरी होते. मग एके दिवशी माहेरची माणसे भेटवस्तू घेऊन येतात. शेजारणीबरोबर बाहेर गेलेले ते पोर घरी येते, तेव्हा आईबाप रक्ताच्या थारोळ्यात पडलेले असतात. ते रडत परत फिरते; जमिनीवर त्याच्या इवल्या पावलांचे लाल ठसे उमटत जातात. या वेळी पडद्यावर आवाज नाही. ज्या चित्रपटाच्या गाण्यांसाठी हॉलिवूडचा वाद्यवृंद बसवला, त्याने आपल्या शेवटाला एक सूरही लावलेला नाही. मला वाटते, त्या चित्रपटातला सर्वांत धीट सांगीतिक निर्णय हाच होय. ‘झिंगाट’चा गोंगाट आणि ही शांतता एकमेकांसाठी योजलेल्या आहेत. आपण मात्र गोंगाट तेवढा उचलून घरी आणला.

इथे कोणी म्हणेल की, गृहस्था, नाचाचे गाणे नाचण्यासाठी असते. हळदीच्या रात्री रक्ताच्या पावलांची आठवण कशाला? आक्षेप रास्त आहे. दिवसभर लोकलला लोंबकळून दमलेल्या माणसाला रात्री घटकाभर नाचावेसे वाटले, तर त्याच्या हातात समाजशास्त्राचे पुस्तक देणारा मी कोण? शिवाय एका मांडवात चार जिल्ह्यांची माणसे एका ठेक्यावर हलतात, ही गोष्टही लहान नाही. ज्यांना एकमेकांच्या पंगतीत बसवणे आजोबांच्या काळी कठीण होते, ती मुले खांद्यावर हात टाकून नाचतात. त्या नाचाला मी नावे ठेवणार नाही. २०१६ साली ‘सैराट’मुळे पोरेपोरी बिघडतील, पळून जातील, अशीही ओरड झाली, तिच्यात मी कधी सूर मिसळला नाही. पोरे पळतात ती गाण्यामुळे नव्हे, दारे बंद असतात म्हणून.

पण मला खटकते ते निराळेच. आमच्याकडच्या आणि इतरत्रच्याही किती मांडवांत हे गाणे वाजते, आणि त्यांतले किती मांडव असे असतात की, उद्या त्या घरच्या मुलीने जातीबाहेरचा मुलगा आणला तर तोच मांडव तिला बंद होईल! मुलामुलीची जात, पोटजात, कूळ, सारे जुळवून ठरवलेल्या लग्नात, ज्या दोघांना नेमक्या त्याच कारणासाठी मारले त्यांचे गाणे आपण मोठ्या हौसेने वाजवतो. यात लबाडी आहे असे मी म्हणत नाही. बहुतेकांच्या हे ध्यानातही येत नाही. पण टीकाकाराचे काम ध्यानात आणून देणे एवढेच असते. पाटलाचे अंगण आणि आपला मांडव यांत फरक किती, हा प्रश्न गाण्यानेच विचारला आहे. आपण ठेका घेतला आणि प्रश्न परत केला.

गाणे म्हणून ‘झिंगाट’चे मोल मी कोणते ठरवतो? ते या दशकांतले एक अस्सल मराठी गाणे आहे, असे मी निःशंकपणे म्हणेन. बोलीला त्याने लाजवले नाही, मुलाला लाजवले. आनंदाला त्याने स्वस्त केले नाही. आणि स्वतःच्या पोटात स्वतःच्या नायकाचे भविष्य लपवून ठेवले. एवढे सारे करून ते नाचायलाही उत्तम आहे. इतक्या गुणांचे गाणे दर वर्षी जन्माला येत नाही.

दिवाळी संपली, तुळशीचे लग्न लागले की दिव्यात पुन्हा मांडव पडू लागतील. कोपऱ्यात धवलारीण असेल तर आधी तिच्याजवळ थोडे बसावे. तिचे शब्द आता मोजक्याच गळ्यांत उरले आहेत. मग बेंजोवाल्याने ‘झिंगाट’ धरले की जरूर नाचावे. मीही कोपऱ्यातून पायाने ठेका धरीन. फक्त साऱ्या गावाला लग्नाची घाई झाली आहे, असे तो पोरगा ओरडून सांगेल तेव्हा, आपल्या गावाला, आपल्या घराला त्याच्या लग्नाची खरोखर घाई झाली असती का, एवढे ज्याने त्याने मनाशी विचारावे. उत्तर ‘हो’ आले तर आणखी जोरात नाचावे. ते गाणे मग खऱ्या अर्थाने आपले झाले.